तुरट

आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात द्राक्षांचे मद्य कायमच असे. फक्त ते औषधांच्या फडताळात ठेवलेले असे आणि त्याला द्राक्षासव म्हणत. रात्रीच्या जेवणानंतर आजी दोन चमचे द्राक्षासव आणि तितकेच पाणी फुलपात्रात ओतून घेई, तोंड जराही वेडेवाकडे न करता ते संपवी आणि जपाला बसे. मनुका, गूळ, मसाल्याची द्रव्ये आणि धायटीची फुले एकत्र आंबवून ते करतात आणि आंबताना त्यात आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचा उल्लेख बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर, चश्मा लावून ती बाटली वाचली तेव्हा समजले. तोपर्यंत मुलीने घरात पहिली वाइन आणून ठेवली होती आणि आम्ही नवरा-बायको तिच्याकडे, घरी पोलीस आल्यासारखे, जरा अंतर राखून पाहत होतो.

ती बाटली नाशिकच्या रेड वाइनची होती. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, एवढे एकच ज्ञान पदरी असल्यामुळे मी ती माळ्यावर आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी ठेवून दिली आणि बिचारीने पुण्याचा सबंध उन्हाळा तापलेल्या स्लॅबखाली काढला. वर्षाने उघडली तेव्हा तिला शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता आणि चवीत आंबटपणाखेरीज काही उरले नव्हते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात. वर्षानुवर्षे मुरून सुधारणाऱ्या थोड्याच, आणि त्याही थंड, अंधाऱ्या तळघरात निजून राहिल्या तरच. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा उपदेशही असाच फसवा आहे, कारण त्यातली खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची आहे. आपल्या घरात तेवढे तापमान फार तर डिसेंबरातल्या पहाटे मिळेल, आणि त्या वेळी वाइन पिणारा मनुष्य निराळ्याच काळजीचा विषय ठरेल. तेव्हा आपण रेड वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी हे बरे. व्हाइट वाइन त्याहून थंड, आठ ते बारा अंशांवर चांगली लागते. बुचाची बाटली बरेच दिवस ठेवायची असेल तर आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते आणि आक्रसून हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला हा सोपस्कार लागत नाही, आणि तसे झाकण असले म्हणून वाइन हलकी, असेही नाही.

दुसरी बाटली मुलीने स्वतः उघडली. मी पुढे केलेला स्टीलचा पेला तिने मुकाट्याने बाजूला सारला, दांड्याचा काचेचा ग्लास काढला, एक तृतीयांश भरला आणि गोल फिरवायला सांगितले. फिरवल्याने वाइन काचेवर पसरते, हवा लागते आणि वास मोकळा होतो. वरचा रिकामा भाग तो वास धरून ठेवतो. एवढी साधी गोष्ट आहे, पण चारचौघांत ती करताना उगाचच नाटक केल्यासारखे वाटते. मग मी बाटलीमागचा मजकूर वाचला. त्यात ब्लॅकबेरी होती, देवदाराचे लाकूड होते, आणि यांतले काहीही मी मंडईत कधी पाहिलेले नव्हते. मी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि ब्लॅकबेरीचा पत्ता लागण्याआधीच जी चव हिरड्यांना येऊन भिडली ती माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची निघाली. वाइन तुरट होती.

या एका शब्दाने माझी निम्मी भीती गेली. आपल्या षड्रसांत तुरट हा स्वतंत्र रस आहे. आवळा, सुपारी, हिरडा, कच्चे केळे यांनी तो आपल्या जिभेवर केव्हाच गिरवून घेतलेला असतो. जांभळे खाल्ल्यावर जीभ टाळ्याला चिकटते ना, तेच हे. शास्त्रज्ञ तुरटपणाला चवीपेक्षा स्पर्श म्हणणे पसंत करतात. टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचे वंगण कमी होते आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. ही टॅनिन मुख्यतः द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतात, आणि रंगही सालीतच असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून फिका असतो. रस सालींसह आंबवला तर तो लाल आणि तुरट होतो; सुरुवातीलाच साली काढून नुसता रस आंबवला तर व्हाइट वाइन होते; आणि काळ्या द्राक्षांच्या साली काही तासच रसात राहू दिल्या तर गुलाबी रोझे. नंतरचे काम यीस्टचे. ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. साखर जवळजवळ सगळी संपू दिली की वाइन ‘ड्राय’ झाली, काही शिल्लक ठेवली की गोडसर. ओल्या पदार्थाला कोरडा म्हणण्याचा हा प्रकार मला अजून पटलेला नाही.

वाइनबरोबर चीज का देतात, याचे उत्तर मला अमृततुल्यात मिळाले. कोरा चहा फार उकळला की जिभेला ओढ बसते, आणि दूध पडताच तोच चहा मवाळ होतो, कारण चहातली टॅनिन दुधातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि आपली जीभ सुटते. चीज वाइनसाठी नेमके हेच करते. मात्र तिखटाशी या तुरटपणाचे मुळीच जमत नाही; मी एका रविवारी मिसळीबरोबर रेड वाइन घेऊन पाहिली, तेव्हा दोघींनी मिळून तोंडात जो जाळ केला तो विझवायला ताक लागले. तिखटाला शेनिन ब्लाँ नावाची थंड, किंचित गोडसर व्हाइट वाइन बरी. पुरणपोळीपुढे ड्राय वाइन नुसती आंबट लागते, कारण पदार्थ वाइनहून गोड असून चालत नाही. आमच्या घरी सणाला बाटली उघडत नाहीत त्याचे मी हे कारण सांगतो. खरे कारण माझ्या सासूबाई आहेत.

वाइन म्हणजे दारू नव्हे, अशी एक समजूत मध्यंतरी फार चर्चेत होती. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर हाच वाद चालला, आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. साडेबारा टक्क्यांच्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा ग्लास घेतला, तर त्यात जवळपास एकोणीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. पंचेचाळीस मिलिलिटर व्हिस्कीतही तेवढेच. कट्ट्यावरच्या दोन्ही पक्षांना हा हिशेब आवडला नाही.

द्राक्षांबद्दल खरी माहिती मला पत्नीच्या मामांकडून मिळाली. त्यांची बाग जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ आहे. त्याच नारायणगावात 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन करायला घेतली होती. मामांनी मात्र आयुष्यभर खायचीच द्राक्षे पिकवली. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, अशी वेलीची दोनदा छाटणी करून ते फळ एकदाच घेतात. मणी फुगावा म्हणून जी.ए. नावाच्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे, साल पातळ हवी, बी तर नकोच, यात त्यांची हयात गेली. वाइनच्या द्राक्षांना नेमके याच्या उलट लागते. मणी बारीक, साल जाड, बी असलेले आणि साखर अधिक. असा माल मंडईत मांडला तर गिऱ्हाईक ढुंकून पाहणार नाही.

मागच्या फेब्रुवारीत मामा आमच्याकडे एका लग्नासाठी उतरले होते. मी भीत भीत शिराझ या रेड वाइनची बाटली पुढे केली. “जावईबापू, उतारवयात हे काय शिकवता,” असे म्हणत त्यांनी ग्लास उजेडात धरून रंग पाहिला, एक घोट घेतला आणि सवयीने दाढांखाली काहीतरी चावल्यासारखे केले. “भोकरी,” ते म्हणाले. बिनबियांची थॉम्पसन सगळीकडे लागण्याआधी त्यांच्या वडिलांच्या मळ्यात भोकरी द्राक्षे असत, आणि मुले घाईघाईत ती बियांसकट चावत. “बी फुटलं की अस्संच लागायचं,” असे म्हणून त्यांनी ग्लास पुढे केला. मी त्यात आणखी थोडी ओतली.