आईच्या संशयावरची गोळी : सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत

माझ्या आईला अल्झायमर असल्याचे निदान झाले तेव्हा ती ७६ वर्षांची होती, आणि पुढची काही वर्षे आमचे सगळे लक्ष तिच्या विसरण्याकडेच होते. गॅस चालू राहणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येणे, चष्मा फ्रीजमध्ये सापडणे, याची घराला सवय झाली. खरा कस लागला तो त्यानंतर. दिवसभर तिच्यासोबत राहणाऱ्या मावशींनी आपल्या पाटल्या चोरल्या, असा तिचा पक्का ग्रह झाला. संध्याकाळ झाली की "हे माझं घर नव्हे, पोरं वाट बघत असतील, मला सोडा," म्हणत ती दाराची कडी काढू लागे आणि कोणी अडवले तर काठी उगारत असे. एकदा त्या काठीचा फटका मावशींच्या मनगटावर बसला. पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, कारण बँकेतली माणसेही मावशींना सामील आहेत, हे तिचे उत्तर तयार असे. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ज्या आउगुस्टे डेटर यांना तपासले, त्यांच्या आजाराचीही सुरुवातीची ठळक खूण नवऱ्याविषयीचा संशय हीच होती, हे मी नंतर वाचले आणि उगाचच थोडा धीर आला.

जवळच्या एका दवाखान्यातून आम्हाला आधी अल्प्राझोलाम ही घबराट कमी करणारी, झोप आणणारी गोळी मिळाली होती. रात्र शांत जाई, पण दुसऱ्या दिवशी आई झोकांड्या देत चाले आणि संध्याकाळी आधीपेक्षा जास्त बिथरत असे. मिरजेतील ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही पुढे गेलो, त्यांनी ही गोळी टप्प्याटप्प्याने बंद केली. या गटातील गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा गोंधळ आणि पडण्याचा धोका वाढतो, आणि काही जणांमध्ये तर उलटा परिणाम होऊन अस्वस्थताच भडकते, असे त्यांनी सांगितले.

नवी गोळी मिळेल या अपेक्षेने गेलेल्या आम्हाला त्या दिवशी एकही नवी गोळी मिळाली नाही, त्याऐवजी प्रश्नांची मोठी मालिका मिळाली. हे सगळे अचानक वाढले की हळूहळू? लघवीला जळजळ होते का, पोट रोज साफ होते का, गुडघे दुखतात का, कानाचे यंत्र ती लावते का, आणि मुख्य म्हणजे आणखी कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला नाही, पण बद्धकोष्ठता जुनी होती आणि गुडघेदुखीबद्दल आई स्वतःहून बोलत नव्हती. औषधांच्या पिशवीतून ऑक्सिब्युटिनिन निघाले, जे वारंवार लघवीला होते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिले होते. स्मरणशक्तीला लागणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन मेंदूत टिकून राहावे म्हणून आई डोनेपेझिल ही अल्झायमरवरची गोळी घेत होती, आणि ऑक्सिब्युटिनिन त्याच रसायनाचे काम अडवत होते. ते बंद झाले, पोटासाठी औषध सुरू झाले आणि पॅरासिटामॉल दुखल्यावर न देता ठरलेल्या वेळी द्यायचे ठरले. साध्या पॅरासिटामॉलने काय होणार, असे मला वाटले होते. पण नॉर्वेतील वृद्धाश्रमांत ३५२ रहिवाशांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ वेदनेवर पद्धतशीर उपचार केल्याने आठ आठवड्यांत अस्वस्थता लक्षणीय कमी झाली होती, हे डॉक्टरांनी सांगितले. याशिवाय एक वही घालायला लावली : काय घडले, किती वाजता, त्याआधी काय चालले होते आणि ते कशाने थांबले. बहुतेक झटापटी सकाळच्या घाईतल्या आंघोळीच्या वेळी होतात, हे त्या वहीमुळेच लक्षात आले आणि आंघोळ दुपारवर गेली.

या सगळ्याने संध्याकाळचा गोंधळ बराच ओसरला. चोरीचा ग्रह मात्र हलला नाही. उलट मावशी जेवणात काहीतरी कालवतात असे ठरवून आईने त्यांच्या हातचे खाणे सोडले आणि तिचे वजन उतरू लागले. अँटिसायकोटिक औषधाचा, म्हणजे भ्रम आणि भास यांवरच्या औषधाचा, विषय निघाला तो या टप्प्यावर. संशय आहे एवढ्यावर हे औषध द्यायचे नसते. त्यापायी रुग्णाला किंवा इतरांना इजा होण्याची भीती असेल, किंवा रुग्ण स्वतः फार त्रासात असेल, तरच द्यायचे असते, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले. आईच्या बाबतीत दोन्ही होते. तरी त्यांनी आधी लेवी बॉडी या अल्झायमरहून वेगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची शक्यता पडताळली. तिला नसलेली माणसे किंवा जनावरे स्पष्ट दिसतात का, झोपेत ती हातपाय झाडते का, तिची समज दिवसागणिक खालीवर होते का, हे विचारले, कारण त्या आजारात हॅलोपेरिडॉलसारख्या अँटिसायकोटिक औषधांनी शरीर लाकडासारखे ताठरून जिवावर बेतू शकते. आईला तसे भास नव्हते.

मग धोक्याबद्दल बोलणे झाले, आणि ते ऐकणे सोपे नव्हते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांबद्दल २००५ मध्ये दिलेल्या इशाऱ्यामागे १७ चाचण्या होत्या. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ४.५ टक्के, तर औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के दगावले होते, आणि बहुतेक मृत्यू हृदयविकार किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गामुळे झाले होते. पक्षाघाताचा धोका वाढतो तो वेगळाच. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भावाने फोनवर विचारले की अमेरिकेत मे २०२३ मध्ये अल्झायमरमधील अस्वस्थतेसाठीच ब्रेक्सपिप्राझोल या अँटिसायकोटिकला मान्यता मिळाली आहे, तर तेच का देत नाही? डॉक्टरांचे उत्तर मला फार शिकवून गेले. त्या औषधाच्या ३४५ रुग्णांच्या चाचणीत अस्वस्थता मोजण्याच्या मापावर बारा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे गुण सुमारे २२.६ ने उतरले, पण खोटी गोळी घेणाऱ्यांचेही १७.३ ने उतरले. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा पाच गुणांच्या आसपास, आणि मृत्यूचा इशारा त्याच्याही पाकिटावर आहेच. बरेच वादळ नियमित लक्ष दिल्याने आणि काळाने शमते, हे त्या आकड्यांतून जितके पटले तितके कोणाच्या सांगण्याने पटले नसते.

ईसीजी, रक्तदाब, साखर आणि वजन पाहून रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक पाव मिलिग्रॅम, रात्री एकदा, असे सुरू झाले आणि नंतर ते दोन वेळा झाले. नात्यातल्या एका काकूंनी गोळी शिऱ्यात घालून देण्याचा सल्ला दिला. डॉक्टरांनी तो साफ नाकारला, आणि मलाही त्यांचे पटले : अन्नात काहीतरी कालवले जाते असा जिचा संशय आहे, तिच्या अन्नात खरोखरच काही कालवणे म्हणजे तिचा संशय खरा करणे. मी गोळी तळहातावर ठेवून, "आई, ही मन शांत राहायची गोळी," असे सांगत असे. बहुतेक रात्री ती घेई. नाही म्हणाली तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचे.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फरक दिसला, पण मी कल्पना केली होती तसा नाही. चोरीचा ग्रह जागच्या जागी होता. एके दिवशी आईच म्हणाली, "पाटल्या तिनंच नेल्या, पण जाऊ दे, तिलाही पोरीचं लग्न करायचं असेल." डॉक्टरांच्या मते हाच औषधाचा अपेक्षित गुण होता, कारण ग्रह पुसण्यापेक्षा त्याची धार जाणे महत्त्वाचे असते. आई जेवू लागली. पुढे मात्रा अर्धा मिलिग्रॅम दोन वेळा करून पाहिली, तेव्हा तिची पावले आखडली, लाळ गळू लागली आणि कप धरताना हात कापू लागला. म्हणून मात्रा पुन्हा खाली आणली. असा ताठरपणा आला की ट्रायहेक्सिफेनिडिल जोडण्याची पद्धत आहे, पण तीही ऑक्सिब्युटिनिनच्याच जातीची, स्मरणशक्तीवर घाव घालणारी गोळी असल्याने डॉक्टरांनी ती टाळली.

औषध बंद करण्याचा विचार पहिल्याच कागदावर तारखेसह लिहिलेला होता, आणि माझ्या मते अशा प्रत्येक चिठ्ठीवर ती तारीख असायलाच हवी. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरेशा मात्रेने चार आठवड्यांत गुण आला नाही तर औषध थांबवायचे, आणि गुण आला तरी सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत कमी करून पाहायचे. ती वेळ आली तेव्हा मावशी घाबरून म्हणाल्या, "ताई, आत्ता कुठं शांत झाल्यात, कशाला हात लावता?" त्यांची भीती निराधार नव्हती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रिस्पेरिडोनने गुण आलेल्यांचे औषध बदलून खोटी गोळी दिल्यावर १६ आठवड्यांत ६० टक्के रुग्णांचा त्रास परतला, तर औषध चालू ठेवलेल्यांत ३३ टक्क्यांचा. दुसऱ्या पारड्यात २००९ मधील ब्रिटिश अभ्यास होता, ज्यात दोन वर्षांनंतर अँटिसायकोटिक चालू ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी ७१ टक्के हयात होते. ज्यांना तीव्र भास होतात त्यांचा त्रास परतण्याची शक्यता जास्त असते आणि आईला ते नव्हते, ही गोष्ट आम्ही जमेस धरली.

आधी सकाळची गोळी गेली, काही आठवड्यांनी रात्रीची. औषध सुटल्यानंतरही चार महिने दरमहा तपासणी ठेवली. मधे काही संध्याकाळी आई पुन्हा दाराशी जाऊ लागली, तेव्हा रिस्पेरिडोन परत सुरू करावे असे घरात सगळ्यांना वाटले. वही पाहिल्यावर पोट साफ न झाल्याचे तीन दिवस एका ओळीत दिसले आणि त्यावरच्या औषधाने ते निभावले. आता वही मावशी स्वतः लिहितात. मारहाण किंवा उपाशी राहणे परतले तर वाट न पाहता फोन करायचा, पाव मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरुवात करता येईल आणि तेव्हाही चिठ्ठीवर बंद करण्याची तारीख असेल, असे डॉक्टरांशी ठरलेले आहे.