सोळा वर्षांनी फियाट सुरू झाली

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. वाई

आज संध्याकाळी पावणेसहाला गाडी सुरू झाली. २००९ च्या दिवाळीनंतर पहिल्यांदा.

आरसी बुकावर प्रीमियर पद्मिनी, १९८३ चं मॉडेल. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, पण आमच्या घरात ते कुणी घेतलंच नाही. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या लेखी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली ती फियाट. दिसायला कमी लागलं तेव्हा त्यांनी स्वतःहून ती गोठ्यात लावली, टायर बसू नयेत म्हणून विटांवर चढवली, वर ताडपत्री बांधली. फक्त टाकीतलं पेट्रोल काढायचं राहिलं.

ते पेट्रोल डिंकासारखं घट्ट झालेलं. टाकी उतरवली, आत बारीक खडी घालून मी आणि मिस्त्रींनी दोन दिवस ती हलवली. गंजाचा चहासारखा लाल चिखल निघाला. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, केसाइतकी तार जात नव्हती. उंदरांनी सीटचा काथ्या आणि अर्धं वायरिंग नेलेलं. इंजिन तर जॅमच. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतत राहिलो. नवव्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून मिस्त्रींनी जोर दिला आणि पुली बोटभर फिरली. मी तिथेच खाली बसले. ते बोटभर फिरणं मला आजच्या सुरू होण्यापेक्षाही मोठं वाटलं होतं.

ब्रेकचे रबर, व्हील सिलिंडर, पाइप सगळं नवं. त्यासाठी पुण्याला नाना पेठेत दोन खेपा झाल्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली. त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावरच हे सुटे भाग इतकी वर्षं टिकले, असं मला वाटतं. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलला, कारण आताच्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही.

रंगावरून मात्र वाद झाला. मिस्त्रींचं म्हणणं, "ताई, एवढं केलंय तर आतून-बाहेरून नवीकोरी करू." पायाखालचा पत्रा सडला होता, तो कापून नवा वेल्ड केला, तिथे मी हात आखडला नाही. पण ड्रायव्हरच्या दाराचा कोपर टेकून टेकून उडालेला रंग तसाच ठेवायला सांगितला. आणि बॉनेटची केबल. ती मुळी गाडीची नाहीच, सायकलच्या ब्रेकची वायर आहे. खंबाटकीच्या घाटात गाडी तापली, बॉनेट उघडेना, तेव्हा अण्णांनी घाटाखालच्या खंडाळ्यातून आणून बसवलेली. मी मागच्या सीटवर होते, सात वर्षांची. ती वायर बदलायची नाही. मिस्त्रींनी निमूटपणे ग्रीस लावून पुन्हा ओढली.

पासिंग, ग्रीन टॅक्स, सगळं पुढे आहे.

तर आज. थंड इंजिन सुरू करताना ओढायचा तो चोक पूर्ण ओढला, तिसऱ्या सेल्फला इंजिन खोकलं, चौथ्याला धरलं. गोठाभर निळा धूर. इंजिन धडधडत होतं, मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. आई ओट्यावरून पदर नाकाला लावून बघत होती. तिने आयुष्यात गाडी चालवली नाही.

"चोक आत ढकल आता," ती म्हणाली. "हे एवढा वेळ नसत ओढून ठेवत."

मी ढकलला. आवाज एकसारखा झाला.