रुग्णाला चालतं, मग दात्याला का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून, मूळपेशी (हाडांच्या मज्जेतल्या, रक्त घडवणाऱ्या पेशी) देणाऱ्या दात्याबद्दल. "जी-सीएसएफ आणि प्लेरिक्साफॉर ही मूळपेशी मज्जेतून रक्तात आणणाऱ्या औषधांची जोडी मायलोमाच्या (मज्जेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांना अमेरिकेत २००८ पासून मिळते. मग धडधाकट भावाला रोज जी-सीएसएफची इंजेक्शनं का? एका दिवसात पेशी रक्तात उतरवणारी नवी जोडी त्याला का देत नाही?" प्रश्न दात्याच्या घरच्यांचा असतो, आणि सूर असा की आम्ही उगाच घोळ घालतोय.

घोळ आहे, पण उगाच नाही. मायलोमाच्या रुग्णाला त्याच्याच पेशी परत मिळतात. थोडा त्रास झाला तरी पदरात काही पडतं. दात्याच्या पदरात औषधी फायदा शून्य.

१९९० च्या दशकात प्लेटलेट वाढवणारं पेग-एमजीडीएफ हे औषध निरोगी माणसांना दिलं गेलं. हेतू साधा होता: एकाच दात्याकडून जास्त प्लेटलेट मिळाव्यात. पहिल्या डोसनंतर आकडे मस्त चढले. पुढच्या डोसांनंतर काहींच्या शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. औषध नैसर्गिक थ्रोम्बोपोएटिनच्याच (शरीरात प्लेटलेट घडवून आणणाऱ्या संप्रेरकाच्या) एका भागावर बेतलेलं असल्याने ती प्रतिपिंडं माणसाच्या स्वतःच्या थ्रोम्बोपोएटिनलाही निकामी करू लागली. ज्यांच्या प्लेटलेट वाढवायच्या होत्या त्यांच्याच घसरल्या, आणि इंजेक्शन बंद केल्यावरही लगेच सावरल्या नाहीत. ३२५ निरोगी जणांपैकी १३ जणांत हे घडलं. केमोने प्रतिकारशक्ती दबलेल्या कर्करुग्णांत मात्र ते क्वचितच दिसलं होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत या औषधाचं काम थांबलं. रुग्णांचे आकडे दात्याला का लागू होत नाहीत, याचं उत्तर इथे आहे. आणि पहिल्या डोसच्या सुरेख आलेखावर कोणी भाळलं की मला हेच आठवतं.

आता तुमची 'एका दिवसाची जोडी', म्हणजे प्लेरिक्साफॉर आणि एमजीटीए-१४५ हे प्रायोगिक औषध. प्लेरिक्साफॉर (किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम) मूळपेशींना मज्जेत धरून ठेवणारी सीएक्ससीआर४ या पेशीवरच्या रेणूची पकड सोडवतं. एमजीटीए-१४५ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना उचकवतं आणि त्यांच्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) बाहेरची वाट सैल होते. या जोडीच्या चाचणीत आधी प्रत्येक औषध एकेकटं, मग दोन्ही मिळून, डोस हळूहळू चढवत. दर काही तासांनी रक्त घेऊन मायक्रोलिटरमागे सीडी३४ पेशी (सीडी३४ ही खूण असलेल्या मूळपेशी) मोजायच्या. प्लेरिक्साफॉर एकट्याने दिलं तर शिखर सहा ते नऊ तासांनी येतं, जोडीत बरंच लवकर. म्हणजे शीर तपासलेली, अफेरेसिसचं (रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढण्याचं) मशीन तयार, सगळं आधीच हवं. उशीर झाला की पेशी परत मज्जेत. जी-सीएसएफ याबाबत उदार आहे: रोज किलोमागे १० मायक्रोग्रॅम, पाचव्या दिवशी संकलन, कमी पडलं तर सहाव्या दिवशी पुन्हा. शिवाय डोस दात्याच्या वजनावर ठरतो, गरज मात्र घेणाऱ्याच्या वजनावर (किलोमागे किमान २० लाख सीडी३४). पन्नास किलोची बहीण नव्वद किलोच्या भावाला देते तेव्हा हे गणित घाम फोडतं.

जी-सीएसएफही निष्पाप नाही, हे कबूल. हाडं ठणकतात, डोकं दुखतं, प्लीहा सुजते, फार क्वचित फुटतेही. "पॅरासिटामॉलवर निघतं, घाई कशाला?" असं मीच आग्रहाने म्हणत आलो. पण दात्याचे पाच दिवस म्हणजे पाच दिवसांची मजुरीही असते, तेव्हा घाईला अर्थ आहे. तरीही 'एका दिवसात' हा शब्द जपून वापरा. फक्त प्लेरिक्साफॉर दिलेल्या भावंडांच्या २००८ च्या अभ्यासात सुमारे एकतृतीयांश दात्यांना दुसऱ्या दिवशीही मशीनवर बसावं लागलं.

एमजीटीए-१४५ चं काय झालं? त्याच कंपनीच्या वेगळ्याच औषधाच्या चाचणीत एक मृत्यू झाला आणि २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने सगळीच कामं थांबवली. दोष जोडीत सापडला म्हणून नव्हे, त्यामुळे जोडी निर्दोष ठरली असंही नाही. तूर्त तुमच्या भावाला जी-सीएसएफच देऊ. पाचव्या दिवशी सकाळी सीडी३४ मायक्रोलिटरमागे वीसच्या खाली आले, तर प्लेरिक्साफॉरची गोष्ट काढू, आणि तेव्हा संमतीचा कागद नव्याने वाचावा लागेल.