मामा दुपारी जॉब फडक्यानं का धरतात?

चाकणच्या ग्राहकाकडून रिजेक्शनचा मेल आला, तेव्हा आमच्याकडं सगळ्यांचं उत्तर आधीच तयार होतं. बेअरिंग बसत नाही म्हणजे बोअर (आतलं गोल भोक) लहान, आणि बोअर लहान म्हणजे ऑपरेटरनं ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, चुकवला. मशीनवर आमचे मामा. त्यांनी काही न बोलता रजिस्टर पुढं सरकवलं. एकेक जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मोजायच्या गेजवर ओके.

जॉब ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या घराचा. बोअर ८० मिलिमीटर, टॉलरन्स (मापातली मुभा) एच-सात, म्हणजे ८० च्या खाली जायचं नाही आणि ८०.०३० च्या वर जायचं नाही. सगळी मुभा ३० मायक्रॉनची, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्याकडं वाळूजला ओके झालेला जॉब चाकणला पोचेपर्यंत अंडरसाइज, म्हणजे मापाला लहान, कसा होतो, यावर सकाळपासून मीटिंगवर मीटिंग चालली होती.

मी क्वालिटीत आहे, इंटर्नही माझ्याच गळ्यात असतात. त्या उन्हाळ्यात दोघं होते, दोघंही मेकॅनिकलच्या शेवटच्या सेमिस्टरचे. पोरगा जालन्याचा, एक्सेलमध्ये वस्ताद. चार्ट करून घ्यायला त्याला सगळ्या डिपार्टमेंटांनी वाटून घेतलं होतं. (कंपन्यांना इंटर्न म्हणजे फुकटचा टायपिस्ट वाटतो. खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही.) पोरगी गेवराईकडची, रांजणगावात खोली करून राहायची. तिचं एक्सेल बेताचं, म्हणून कुणी मागणी केली नाही आणि ती मामांच्या मशीनवर राहिली.

तिनं तिथं स्वतःची एक वही घातली होती. आमच्या रजिस्टरात तारीख, शिफ्ट, रीडिंग, सही एवढंच. तिच्या वहीत रीडिंगपुढं घड्याळातली वेळ होती आणि मामांनी ऑफसेट कधी, किती दिला तेही. मामा म्हणायचे, "काय लिहायलीस गं माय एवढं? पेपर हाय का उद्या?"

मीटिंगमधून बाहेर पडलो तर ती दारातच उभी.

"सर, एक विचारू? मामा सकाळी जॉब नुसत्या हातानं उचलतात आणि दुपारी फडक्यानं. असं का?"

प्रॉडक्शनचे साहेब हसले. मी तिला घेऊन थेट मशीनवर गेलो.

आमच्याकडं मशिनिंग झालं की जॉब वॉशिंग मशीनमधून जातो. आत साठ अंशांच्या आसपासचं गरम पाणी. मग हवा मारायची आणि गेजवर घ्यायचा. सकाळी घाई नसते, धुतलेले जॉब ट्रॉलीवर निवांत पडून राहतात. बारानंतर मात्र चारच्या गाडीचा धोशा सुरू होतो. जॉब वॉशिंगमधून निघाला की तसाच गेजवर. वर मे महिना, डोक्यावर पत्रा. हाताला चटका बसतो म्हणून फडकं.

परत आलेल्या जॉबवर तारीख-वेळेचं मार्किंग होतंच. तिनं वहीशी ताडून पाहिलं, जवळजवळ सगळे दुपारचे निघाले.

मग एक जॉब तसाच गरम उचलला. थर्मामीटर ४५ च्या आसपास दाखवत होता, बोअर गेजवर रीडिंग ८०.०१८. एकदम ओके. तो जॉब आणि गेज ज्यावर शून्य करतो ती स्टीलची मास्टर रिंग, दोन्ही स्टँडर्ड रूममध्ये ग्रॅनाइटवर नेऊन ठेवलं. तिथं एसी कायम २० अंशांवर, कारण लांबी मोजायचं जगभरचं ठरलेलं तापमान १९३१ पासून तेच आहे. पोरगी थोड्या थोड्या वेळानं मास्टरवर शून्य करायची, गेज बोअरमध्ये घालून हलकेच झुलवायची आणि आकडा लिहायची. दर वेळी आकडा उतरलेला. जेवणाची सुट्टी होऊन गेली, तिनं डबा उघडला नाही. शेवटी आकडा थांबला तो ७९.९९० वर.

हिशोब तिनंच मांडला. ८० मिलिमीटरचं ॲल्युमिनियम दर अंशाला साधारण १.८ मायक्रॉन वाढतं, स्टील त्याच्या निम्म्यानं. जॉब २० पेक्षा २५ अंशांनी गरम, म्हणजे ४५ मायक्रॉन फुगलेला. शॉपवरची मास्टर रिंग ३८ वर, ती फुगली १६-१७. मधला फरक २८, गेज तेवढं जास्त दाखवणार. सगळा टॉलरन्सच ३०! मामांना रीडिंग वर सरकताना दिसायचं आणि ते शिकवल्याप्रमाणं ऑफसेट कमी करायचे. जॉब गार झाला की अंडरसाइज. मामांचं कुठंच चुकलं नव्हतं.

"सर, हे मला येत होतं," ती म्हणाली. चेहरा पडलेला. "आल्फा एल डेल्टा टी, उष्णतेनं लांबी किती वाढते त्याचं सूत्र. बारावीला पाठ होतं. मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मापनशास्त्राच्या, जर्नलात २० अंशसुद्धा लिहिलंय मी."

मला यातली तिची खंत फार खरी वाटते. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकानं १९०६ मध्ये को-ऑप शिक्षण सुरू केलं, तेव्हा पोरं आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात जायची. कारखान्यात अडलेलं वर्गात नेऊन विचारायचं, वर्गात कळलेलं पुन्हा मशीनवर घासून बघायचं. आमच्याकडं पोरं येतात ती आठव्या सेमिस्टरला. मेट्रॉलॉजी तिसऱ्या वर्षीच संपलेलं असतं. इथं डोक्यात प्रश्न उठला तरी तो घेऊन जायला वर्ग उरलेला नसतो. उरतो तो रिपोर्ट, आणि त्यातली निम्मी पानं कंपनीची माहिती. तिच्या गाईडनं तर ती वही परिशिष्टातून काढायला लावली. म्हणे फॉरमॅटमध्ये बसत नाही. ग्राहकाला पाठवलेल्या एट-डी रिपोर्टमध्ये (तक्रारीचं कारण आणि उपाय सांगणारा रिपोर्ट) मात्र तीच वही होती, जालन्याच्या पोरानं चार्ट करून लावलेली.

मग धुतलेले जॉब पंख्याखाली रॅकवर ठेवायचा नियम झाला. मास्टर रिंगही त्याच रॅकवर, आणि उरलेल्या फरकासाठी मशीनवर करेक्शनचा तक्ता. प्रॉडक्शननं आठवडाभर बोंब मारली, गाडी उशिरा सुटते म्हणून.

आता नवीन इंटर्न आले की मी त्यांना लॅपटॉपला हात लावू देत नाही, पहिले मामांकडं पाठवतो. मामांची हरकत नाही. अट एकच: मोबाईल लॉकरमध्ये, आणि वही स्वतःची आणायची.