मागत राहणारी माणसं

५ एप्रिल, रात्र

आज पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली याच तारखेला त्या केडगावला प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. संध्याकाळी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, स्त्रियांची प्रार्थनासभा होती आणि रमाबाईंवर चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे होतं. बोलून झालं, गीत झालं, आशीर्वाद झाला. चहाच्या वेळी एक तरुण मुलगी जवळ आली. लग्न होऊन काही वर्षं झालीत, नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घरात रोज कटकट आहे. म्हणाली, "मावशी, रमाबाईंचं ठीक आहे हो, त्या मोठ्या होत्या. आमच्यासारख्यांनी तेच तेच किती दिवस मागायचं?"

गेटपाशी उभं राहून तिच्याशी बोलले. पण तिची सासू स्कूटरवर वाट बघत होती, आणि हा काही उभ्याउभ्या उरकायचा विषय नव्हे. तेव्हापासून डोक्यात तोच प्रश्न आहे. घरातली सगळी निजली आहेत, म्हणून लिहायला बसले.

मुक्ती मिशनची, म्हणजे रमाबाईंनी केडगावला निराधार मुली-बायकांसाठी उभारलेल्या आश्रमाची, गोष्ट आपण सांगतो तेव्हा १९०५ चा जून महिना सांगतो. जूनच्या अखेरीस मुलींवर पवित्र आत्म्याचा वर्षाव झाला, मुली रडल्या, पापं कबूल केली, तासन्‌तास प्रार्थना करत राहिल्या. संजीवनाची, म्हणजे विश्वास नव्याने जागा झाल्याची, ती बातमी पुढे देशभर गेली, परदेशातही पोहोचली. खरंच मोठी गोष्ट. पण मला त्या वर्षाचा जानेवारी जास्त जवळचा वाटतो. वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनेसाठी एक गट उभा केला. साधारण ७० जणी रोज सकाळी एकत्र जमत. मागणं काय, तर भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन व्हावं, आणि त्यात आम्हीही आलो. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. सुमारे सहा महिने हे चाललं.

त्या सहा महिन्यांबद्दल कुणी फार बोलत नाही, कारण बोलण्यासारखं वरवर काही घडलंच नसावं. केडगावचा मार्च, एप्रिल, मे मला माहीत आहे. दौंडकडच्या त्या माळावर सकाळी नऊलाच ऊन अंगावर येतं. त्या उन्हाळ्यात मुलींनी दळण दळलं असेल, माग चालवले असतील, गुरांचं पाहिलं असेल, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच मागणीसाठी गुडघे टेकले असतील. जूनमध्ये काय होणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला सामर्थ्य दिसतं ते तिथे.

आणि आपल्यालाही त्या मागणीत धरणं! रमाबाईंचा तोवरचा प्रवास पाहिला की हे किती मनापासूनचं होतं ते कळतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. पण त्यांनी पुढे स्पष्ट लिहिलं की आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विधवा मुलींसाठी शारदा सदन चालवणारी, अमेरिकेत सभा गाजवून आलेली, संस्कृत पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई हे लिहिते. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायला बसताना ती स्वतःला बाहेर ठेवत नाही. आमच्या सभांतून आम्ही शेजाऱ्यासाठी, पुढाऱ्यांसाठी, तरुण पिढीसाठी फार सुंदर प्रार्थना करतो. स्वतःचं नाव त्या यादीत घालणं जड जातं.

प्रार्थना म्हणजे हात जोडून बसून राहणं, असा एक समज बाहेरच्यांचा असतो आणि आपल्यातल्याही काहींचा. रमाबाईंकडे पाहावं. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. भूक काय असते हे त्यांना सांगायची गरज नव्हती. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे दिवस. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. केडगावला आधी घेतलेली शंभर एकर जमीन होती, तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळचं अन्न घालायचं. त्यासाठी त्या प्रार्थना करत आणि विहिरीही खणून घेत. मुलींना विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, छापखाना असं सगळं शिकवलं. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई, तिने ब्रेल शिकून अंध मुलींना वाचायला शिकवलं. देवाकडे मागून झाल्यावर त्याच मागणीसाठी उठून कामाला लागणं, हे मला विश्वासू प्रार्थनेचं सगळ्यात खरं लक्षण वाटतं. जी प्रार्थना मला जागची हलवत नाही, ती मी पुन्हा तपासून पाहते.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्याविषयी रमाबाईंनी वाचलं होतं आणि त्याचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला. म्युलर यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि पैशासाठी माणसांपुढे हात पसरला नाही, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यांची दुसरी एक गोष्ट मला जास्त धीर देते. नोव्हेंबर १८४४ मध्ये त्यांनी पाच जणांच्या तारणासाठी, म्हणजे ते प्रभूकडे वळावेत म्हणून, रोज प्रार्थना सुरू केली. पहिला दीड वर्षाने प्रभूकडे आला. दुसऱ्याला आणखी पाच वर्षं लागली, तिसऱ्याला त्यापुढे सहा. उरलेल्या दोघांविषयी म्युलर यांनी ३६ वर्षांनंतर सांगितलं, की ते अजून आलेले नाहीत, पण मी मागतो आहे आणि मला आशा आहे. दौऱ्यावर असोत, आजारी असोत, त्या दोघांची नावं घेतल्याशिवाय त्यांचा दिवस गेला नाही.

आपल्याकडे साक्ष द्यायला माणूस उभा राहतो तो मिळाल्यावर. ऑपरेशन नीट झालं, व्हिसा आला, मुलीचं जमलं, प्रभूची स्तुती असो. तीही खरी साक्ष, मी ती आनंदाने ऐकते. पण कुणी उभं राहून "मला अजून मिळालं नाही, मी मागते आहे" असं म्हणताना मी क्वचितच ऐकलं आहे. ते मंडळीत ऐकू यायला हवं. ते ऐकू येत नाही म्हणून त्या मुलीसारख्या बायकांना वाटत राहतं, की सगळ्यांचं देव ऐकतो, आपलंच तेवढं राहून जातं.

प्रभू येशूने सांगितलेली विधवेची गोष्ट बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. ना देवाला भिणारा, ना माणसांची पर्वा करणारा न्यायाधीश, आणि त्याच्याकडे खेपा घालणारी विधवा. ती काय मागत होती? न्याय. तिच्या हक्काचं होतं तेच. शेवटी तिच्या खेपांना कंटाळून तो तिला न्याय देतो. काही जण यातून देवाच्या मागे लागावं, त्याला त्रास द्यावा, म्हणजे तो देतो, असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. असला न्यायाधीशसुद्धा ऐकतो, मग तुमचा पिता का ऐकणार नाही, असं प्रभू म्हणतो. आणि गोष्ट संपवताना तो आपल्यालाच विचारतो, की मनुष्याचा पुत्र, म्हणजे तो स्वतः, येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास सापडेल का? आपण विचारतो देव कुठे आहे, तो विचारतो तुम्ही तेव्हा असाल का. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत तर त्याने स्वतः तीन वेळा तेच मागितलं, की हा दुःखाचा प्याला टळो, घाम गाळत मागितलं, आणि प्याला टळला नाही. तेच तेच मागणं हा अविश्वास असता, तर ती रात्र आपल्याला वाचायला मिळाली नसती.

माझ्या सासूबाईंची प्रार्थनेची वही माझ्याकडे आहे. जाड पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे उधारीला असते तसली. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. पाने वारांनुसार लावलेली. सोमवारी घरची माणसं, मंगळवारी दवाखान्यातले पेशंट, बुधवारी पाळक आणि सुवार्तिक, असं शनिवारपर्यंत. डावीकडे नाव, उजवीकडे रकाना मोकळा. उत्तर मिळालं की त्या रकान्यात तारीख आणि 'प्रभूची उपकारस्तुती' असं बारीक अक्षरात. गुरुवारच्या पानावर तेलाचा मोठा डाग आहे, स्वयंपाक करता करता उघडलेलं असणार. काही नावांपुढे तारीख नाही. सात-आठ वर्षांनी नवी वही केली, तेव्हा ती नावं त्यांनी पुन्हा उतरवून घेतली. गाळली नाहीत.

त्या वहीत आमच्या चाळीतल्या एका बाईंचं नाव आहे. नळावरून त्यांचं आणि आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, जबरदस्त वाजलं होतं, बोलणंचालणं बंद. मी तेव्हा नवी सून. आईंनी त्यांचं नाव शुक्रवारच्या पानावर घातलं. पुढे मला दिसलं ते असं, की आई त्यांच्याबद्दल वाईट बोलेनाशा झाल्या. मग कधीतरी त्या बाईंना टायफॉइड झाला, तर आई सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन जायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, रोज देवापुढे जिचं नाव घ्यायचं, तिला उपाशी कसं ठेवायचं?" त्या नावापुढच्या रकान्यात तारीख नाही. आई काय मागत होत्या देव जाणे. पण माझ्या डोळ्यांदेखत जे झालं ते झालं.

रमाबाईंकडे परत येते, कारण सभेत मला वेळेअभावी हे सांगता आलं नाही आणि ते मनात राहिलं. १९०५ चा वर्षाव पाहिलेल्या या बाईने १९२१ च्या जुलैमध्ये आपली एकुलती एक मुलगी गमावली. मनोरमा चाळिशीत गेली. मुक्तीचा भार तीच उचलणार असं सगळे धरून चालले होते. आपल्या लेकीसाठी रमाबाईंनी किती प्रार्थना केली असेल! १८८२ मध्ये नवरा गेल्यापासून त्यांना जिवाचं असं तेवढंच माणूस होतं. स्वतःची तब्येत उतरलेली, कानांनी ऐकू कमी येत होतं. आणि टेबलावर मराठी पवित्र शास्त्राचं काम. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र आणायचं, हे काम त्यांनी जवळपास अठरा वर्षं चालवलं होतं. मुलगी गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. ते भाषांतर छापून पुरं झालेलं १९२४ मध्ये लोकांच्या हाती आलं.

जून १९०५ ची प्रार्थना ऐकली गेली आणि जुलै १९२१ ची ऐकली गेली नाही, असं मला म्हणवत नाही. कसं म्हणावं तेही कळत नाही. एवढं दिसतं की त्या बाईने दोन्ही वेळा गुडघे टेकले, आणि दोन्ही वेळा उठून कामाला लागल्या. मला देवाकडून हवं असेल तर ते हे. त्या मुलीलाही हेच सांगायला हवं होतं, रविवारी भेटेल तेव्हा सांगेन. तिच्या नवऱ्याचं नाव गुरुवारच्या पानावर लिहून ठेवलं आहे. आमच्या मंडळीत एक बंधू एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, त्यांच्या कानावर घालायला हवं, बायोडेटा मागवून घेते.

माझ्या धाकट्या भावाचं दारूचं अजून तसंच आहे. कित्येक वर्षं मागते आहे. दोनदा सुटली, पुन्हा लागली. भावजय बिचारी थकली आहे, पण फोनवर "ताई, आज प्रार्थना केली का?" असं तीच मला विचारते. कुणी कुणाला धरून ठेवलंय हे सांगणं कठीण. त्याच्यावरचा राग मला आवरता येतो तो सकाळी त्याचं नाव घेतल्यामुळेच, हे मी खात्रीने सांगू शकते. राग असताना मी त्याचा फोन उचलत नाही, आणि फोन उचलणारं त्याला आता फारसं कुणी उरलेलं नाही.

उद्या सकाळी अकराला व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी दोघींना बोलावलं आहे. भावजय दहाला येईल, निघण्याआधी आम्ही दोघी प्रार्थनेला बसू. डॉक्टरांना विचारायचं ते आत्ताच कागदावर लिहिलं आहे: रात्री हात थरथरतात त्यावरची गोळी किती दिवस द्यायची, लिव्हरची तपासणी पुन्हा कधी, या वेळी किती दिवस ठेवून घेतील, आणि मुलाला भेटायला आणलं तर चालेल का.