घर पुढे, आपण मागे: ग्रेट ग्लेनची पायपीट

पाठीवर सॅक नसेल तर त्याला ट्रेक म्हणायचं का, यावरून माझं आणि ताईचं निघण्याआधीच वाजलं होतं. ताई म्हणजे माझी मावसबहीण, ग्लासगोला राहते. बेत तिचाच. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमपासून इनव्हरनेसपर्यंत ग्रेट ग्लेन वे ही सुमारे १२५ किलोमीटरची पायवाट जाते, आणि तिला बिलगून कॅलेडोनियन कालवा. दिवसभर आपण चालायचं. आपलं अंथरूण-पांघरूण, कपडे आणि स्वयंपाकघर घेऊन बोट पाण्यातून पुढे जाणार. संध्याकाळी ती जिथे बांधलेली असेल तिथे मुक्काम.

"ताई, ही तर शतपावली झाली," मी म्हटलं.

"रोज वीस किलोमीटरची शतपावली कर, मग बोल," ती म्हणाली.

बोट म्हणजे हॉलंडची जुनी मालवाहू बार्ज, सपाट तळाची. पूर्वी माल भरायचा त्या पोटात आता चिमुकल्या खोल्या. दोन बंक, एक गोल खिडकी, आणि आंघोळीचं पाणी जपून वापरा अशी सूचना. डोकं पहिल्या रात्रीच दोनदा आपटलं. ओले मोजे वाळत घालायला इंजिनाच्या खोलीसारखी जागा नाही, हे मात्र सगळ्या प्रवाशांना न सांगता कळलं होतं.

सुरुवात फोर्ट विल्यमजवळच्या बानाव्हीला. इथे एकापुढे एक आठ लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले दगडी हौद आहेत, बोट सुमारे २० मीटर वर चढवणारे. नाव 'नेपच्यूनचा जिना'. बोट आत शिरते, मागचा दरवाजा मिटतो, समोरून पाणी सोडतात आणि खालून ते उसळायला लागतं. आपण शेवाळलेल्या दगडी भिंतीच्या तळाशी उभे. हळूहळू भिंत खाली सरकते. आधी काठावरच्या लोकांचे बूट दिसतात, मग पोटऱ्या, मग हातातलं आइस्क्रीम, मग चेहरे, आणि त्यांच्या पाठीमागे ढगात अर्धा बुडालेला बेन नेव्हिसचा डोंगर. पुढच्या लॉकमध्ये जाताना खलाशी काठावर उतरून दोर धरून चालतात, म्हैस दाव्याला धरून न्यावी तशी एवढी मोठी बोट त्यांच्यामागून निमूट येते. मलाही थोडा वेळ दोर धरायला मिळाला. ताण कधी द्यायचा आणि ढील कधी, एवढंच कळायला हवं. ताकद फारशी लागत नाही. आठ लॉक चढायला दीडेक तास गेला आणि तेवढ्यात आम्ही जेमतेम अर्धा किलोमीटर सरकलो असू. माझी तक्रार नाही. या सबंध सहलीत सगळ्यात रमले ते इथेच.

या कालव्याची कथा आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी प्रकल्पात शोभेल. १८०३ मध्ये थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. नेपोलियनशी युद्ध चालू होतं. जहाजांना स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचा खवळलेला समुद्र आणि फ्रेंच लुटारू दोन्ही टाळता यावेत, हा हेतू. दुसरा हेतू मला जास्त पटला: मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकावलेल्या हायलँडच्या, म्हणजे इथल्या डोंगराळ मुलखातल्या लोकांच्या हाताला काम. एका परीने रोजगार हमीच. सात वर्षांत होईल म्हटलेलं काम १९ वर्षं चाललं. १८२२ मध्ये कालवा खुला झाला तेव्हा नेपोलियन मरून वर्ष उलटून गेलं होतं, खर्च भरमसाट वाढला होता, आणि खोली इतकी कमी की मोठी जहाजं येईनात. पुढे बंद ठेवून तो पुन्हा खोल करावा लागला. एकूण ९७ किलोमीटरपैकी खणलेला भाग ३५ च्या आसपास. बाकी लॉखी, ऑइख आणि नेस या लॉखांचं, म्हणजे तळ्यांचं, आयतं पाणी. जहाजांची वर्दळ झाली नाही म्हणूनच आज काठाने इतकं निवांत चालता येतं, असं माझं मत.

चालण्याचं म्हणाल तर लॉख लॉखीच्या काठचा जंगलातला रस्ता लांबलचक आणि एकसुरी. लॉख ऑइखचा काठ मात्र अप्रतिम. इथली वाट जुन्या रेल्वेमार्गावरून जाते. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेने १९४६ मध्ये कायमचा गाशा गुंडाळला. आता रुळांच्या जागी शेवाळ, दोन्ही बाजूंना बर्चची झाडं, आणि डाव्या हाताला फांद्यांमधून चमकणारं पाणी. अधूनमधून आमची बोट दिसायची. कप्तान हात करायचा, आम्हीही करायचो, आणि मग झाडी आड यायची. तिचा वेग आमच्यापेक्षा फार नव्हता.

फोर्ट ऑगस्टसला पाच लॉक उतरून बोट लॉख नेसमध्ये शिरते. ज्याच्यासाठी जग येतं त्या लॉख नेसने मला फारसं धरून ठेवलं नाही. खोली २३० मीटरपर्यंत. इंग्लंड आणि वेल्सच्या सगळ्या तळ्यांत मिळून नाही इतकं पाणी. पण काठाकाठाने चालताना लागवडीच्या सूचिपर्णी झाडांची भिंत मधे येते. इनव्हरमॉरिस्टनच्या अलीकडे वरची वाट धरली तेव्हा कुठे ते सरळसोट काळं पाणी टोकापर्यंत दिसलं. तिथे चढही बऱ्यापैकी आहे, त्यामुळे शतपावलीचा विषय मी तिथे मागे घेतला.

सकाळी पोरिज, म्हणजे ओट्सची लापशी असायची, तीही मीठ घातलेली. ताईने डब्यातून मेतकूट काढलं. शेजारच्या यॉर्कशरच्या आजोबांनी ते काय म्हणून विचारलं, चमचाभर घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा त्यांच्याच बाजूला होता.

शेवटचा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा. ताईने त्या दिवशी पाय वर करून डेकवर बसणं पत्करलं. ही सोय या सहलीत रोजच असते. जाणार असाल तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा पाहा. नंतर मिज नावाची चिलटं निघतात, ती थेट सप्टेंबरपर्यंत, आणि वारा पडला की काठावर उभं राहू देत नाहीत. रेनकोट चांगला हवा. आणि कडक सुटकेस आणू नका, बंकखाली फक्त मऊ बॅगच सरकते.