आमच्या मण्याला तडा गेलेला नाही

नाशिकमधल्या सातपूरच्या गाळ्यात आम्ही काचेचे मणी करायला लागलो तेव्हा भांडवल म्हणजे माझं आणि जाऊबाईंचं स्त्रीधन. त्यांचा हात सळईवर मणी वळायच्या बर्नरवर, माझं लक्ष मणी हळूहळू निववायच्या भट्टीवर. ही वाटणी आजही तशीच आहे. सुरुवातीची वर्षं बरी गेली. लिहायचं आहे ते 2015 बद्दल.

सिंहस्थाचं वर्ष. माळांना मागणी जोरात. एका व्यापाऱ्याने आमच्याकडून निळ्या आणि मधाळ रंगाच्या पारदर्शक मण्यांचे नमुने नेले, "कळवतो" म्हणाला आणि तसाच माल दुसरीकडून निम्म्या भावात करून घेतला. ते करणाऱ्यांकडे भट्टीच नव्हती. बर्नरवरून उतरलेला मणी गरम राखेत खुपसायचा, गार झाला की सळईवरून ओढायचा, की झाला तयार! बाजारात तो फिरला आमच्या नावाने. थोड्याच दिवसांत मणी गळ्यातल्या गळ्यात तडकू लागले आणि दुकानदार आमच्या दारात. ऑर्डरी रद्द झाल्या, उधारी अडकली, गाळ्याचं भाडं थकलं. वर्षानुवर्षं माल नेणारे लोक फोन उचलेनात, हे आजही विसरता येत नाही.

या कामातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मणी झटकन गार झाला की त्याचा वरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आवळतो आणि ताण आत कोंडून राहतो. मणी त्याच दिवशी फुटेल असं नाही, महिन्यांनीही फुटेल. म्हणून आमची सोडा-लाइम, म्हणजे बाटल्या-खिडक्यांच्या जातीची काच आम्ही भट्टीत 515 अंश सेल्सिअसच्या आसपास धरतो; सुपारीएवढ्या मण्याला तासभर. मग 370 पर्यंत तासाला पन्नासेक अंशांनी उतरवायचं आणि मगच भट्टी बंद करायची. दार तेव्हाही उघडायचं नाही. सकाळी जाऊबाई हाताची पाठ दाराला लावून बघतात, त्यांनी मान हलवली तरच कडी निघते. निम्म्या भावात हे कुणी करून देणार आहे का?

आम्हाला तारलं ते सराफ बाजारात माळा गाठवणाऱ्या काकांनी. एके दुपारी ते फुटक्या मण्यांची पुडी घेऊन स्वतः गाळ्यावर आले. म्हणाले, "ताई, हा माल तुमचा नाही. तुमच्या मण्याचं तोंड आत वळलेलं असतं. ह्याच्या भोकाला धार आहे, माझा दोरा कापला ह्याने." त्यांच्या बोटांना जे कळलं ते दुकानदारांना दाखवायचं कसं? पोलरायझिंग फिल्म एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडते; अशा दोन फिल्म एकमेकींवर आडव्या धरल्या की उजेड अडतो, पण मधल्या काचेत ताण असेल तर तिथून तो निसटतो. खाली दिवा ठेवला आणि फिल्मच्या मधे ग्लिसरिनच्या बशीत मणी सोडले. पुडीतल्या न फुटलेल्या मण्यांमध्ये उजळ पट्टे उठले, आमचे मणी काळोखातच राहिले. काकांनी हे साहित्य पिशवीत घातलं आणि माझ्याबरोबर दुकानादुकानांत आले. एवढं पुढे होऊन दुसरं कोण आलं असतं? गेलेली गिऱ्हाइकं हळूहळू परत आली, सगळी नाही.

तो व्यापारी अजून लग्नकार्यात भेटतो आणि हसून नमस्कार करतो. झालं ते चुकलं, असा शब्द त्याच्या तोंडून आजवर निघालेला नाही.

नव्याने भट्टी घेणाऱ्यांना सांगते. नुसत्या फायबरच्या अस्तराची भट्टी लवकर तापते म्हणून हुरळून जाऊ नका. वीज गेली की ती तितक्याच लवकर निवते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. विटांची घ्या, वीट ऊब धरून ठेवते. थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं टोक भट्टी तापवणाऱ्या कॉइलला खेटून नको, मण्यांच्या जवळ हवं. नाहीतर कंट्रोलर 515 दाखवेल आणि मणी भलत्याच तापमानात बसलेला असेल. अपारदर्शक मण्यातला ताण फिल्मखाली दिसत नाही, तिथे वेळापत्रक काटेकोर पाळणं एवढंच आपल्या हातात. आणि बोरोसिलिकेटची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांच्या काचेची कांडी सोडा-लाइमला जोडू नका. दोन्ही काचा सारख्या आकसत नाहीत, भट्टीत कितीही वेळ ठेवा, जोड तडकणारच.